लोण्यासारखी मऊ कडक भाकरी

सोलापूरची कडक भाकरी ज्यानं पाहिली नाही त्याला माझं बोलणं खरं वाटणार नाही, आणि ज्यानं पाहिली आहे त्याला तर मुळीच वाटणार नाही. तरी सांगतो. माझी आत्या अक्कलकोटच्या पलीकडं राहायची. एकदा तिनं आतोबांवर रागावून चुलीपुढची वाळलेली भाकरी भिरकावली. आतोबा सवयीनं खाली वाकले. भाकरी खिडकीतून जी निघाली ती करमाळ्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या तराजूत जाऊन पडली. त्यानं ती वजन म्हणून अकरा वर्षं वापरली. पुढं एका दुष्काळात खाल्ली, तेव्हाही ती कुरकुरीत होती.

ही गोष्ट मी चंद्रव्वाच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून इतक्या वेळा सांगितली आहे, की आता तो व्यापारी मला माझाच नातेवाईक वाटतो.

चंद्रव्वाची शेड होटगी रस्त्याला. वर पत्रा, आत चार चुली आणि सात बाया. कडक भाकरी म्हणजे काय, तर ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि मग निखाऱ्याच्या धगीला पापडासारखी कडक होईस्तोवर वाळवायची. महिना महिना टिकते. चंद्रव्वाची भाकरी ताटाएवढी, गोल, आणि इतकी पातळ की आरपार बघून समोरच्या बाईला ओळखावं. तिची मायबोली कानडी. राग आला की ती कानडीत बोलते, आणि फारच राग आला की पुन्हा मराठीत येते. म्हणजे मला सगळं कळावं.

मी जालिंदर. सूतगिरणीत चाळीस वर्षं काढली. गिरणी बंद पडली, तोंड चालू राहिलं. दारात थांबलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, हे काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. याला इंग्रजीत मार्केटिंग म्हणतात असं मला कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून मी खुर्चीत जरा ताठ बसायला लागलो.

गेल्या वर्षी पुण्याचा दिग्विजय नावाचा दुकानदार इकडं लग्नाला आला. पंगतीत त्यानं चंद्रव्वाची भाकरी खाल्ली आणि हात धुवायच्या आधी शेडचा पत्ता विचारला. कोथरूडच्या आपल्या दुकानात त्यानं भाकरीला एक फळी दिली. दर आठवड्याला इथून खोकी जायला लागली. पहिलं खोकं पोचल्यावर त्याचा फोन आला. चंद्रव्वाचे हात पिठात, म्हणून फोन मी उचलला.

"आजोबा, इथं लोक विचारतात, ही अशीच खायची का? गरम केल्यावर मऊ होते का?"

आता खरं उत्तर होतं, नाही. पण 'नाही' हा शब्द मी गिऱ्हाइकापुढं कधी काढलेला नव्हता. म्हणालो, "मऊ? अहो, लोण्यासारखी! तव्यावर नुसती दाखवा. आमच्याकडं दात पडलेली माणसं हीच मागतात."

तो खूश, मी खूश. फोन ठेवला आणि विसरून गेलो.

तीन महिन्यांनी पुण्याहून खोकी आली. आमचीच, परत. वर दिग्विजयची चिठ्ठी: काकू, तुमच्या मालाला मी नाव ठेवत नाही, पण एकदा नेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. महिनाअखेरीला ती फळी दुसऱ्याला द्यावी लागेल. खाली गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे कागद टाचलेले, नावं आणि फोन नंबरांसकट. 'भाकरी शिळी.' 'भाकरी जुनी.' 'तुटलेली निघाली.' एकानं फक्त 'दात' एवढंच लिहिलं होतं.

चंद्रव्वानं कागद वाचून घेतले, आणि आधी कानडीत बोलली, मग मराठीत. "शिळी? माझी भाकरी शिळी?"

तिच्या रागाचं सोडा. शेडमधली निम्म्याहून जास्त भाकरी पुण्याला जात होती. ती थांबली तर चारातली एकच चूल पेटणार, आणि सातातल्या पाच बाया पुन्हा घरी बसून विड्या वळणार. त्यांनी पंधरा-पंधरा वर्षं विड्या वळलेल्या. तंबाखूनं छाती भरायची, मान वर होईना अशी गत. इथं आल्यापासून त्या मोठ्यानं हसायला शिकल्या होत्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"एक तारखेपासून एकच चूल," चंद्रव्वा म्हणाली. "सोजर आणि वच्छला राहतील. बाकीच्यांनी दुसरं बघा, बायांनो. माझा इलाज न्हाई."

तेवढ्यात सोजरबाई भीत भीत म्हणाली, "माझ्या सुनंला इचारू का? ती मार्केटिंग म्यानेजमेंटच शिकलीया. दोन वर्षं."

"दोन वर्षं?" वच्छला म्हणाली. "इकायला शिकायला दोन वर्षं लागत्यात व्हय? माझी आई तासाभरात मेथीची पाटी संपवायची."

"मग तुझ्या आईला बोलाव की!"

मी घसा खाकरला. म्हटलं, "मार्केटिंगचं माणूस इथं खुर्चीत बसलेलं असताना..."

"तू गप बस, जालिंदरण्णा," चंद्रव्वा म्हणाली. "बोलाव गं सुनंला."

रविवारी सोजरबाईची सून ऋतुजा स्कूटीवरून आली. मोबाईलच्या शोरूममध्ये नोकरी करते, आठवड्यातून एकच सुट्टी, आणि तीही आमच्यासाठी मोडलेली. मला वाटलं आता ही कागदावर मोठमोठे आलेख काढील. तिनं पदर खोचून खाली बसकण मारली आणि विचारलं, "मावशी, ही भाकरी कोण खातं?"

"ज्याला भूक लागती ते."

"पुण्यात कोण खातं?"

चंद्रव्वानं माझ्याकडं पाहिलं. मी पत्र्याकडं पाहिलं. खरंच की, कोण खातं ते आम्हाला कुठं ठाऊक होतं? आम्ही खोकी भरत होतो आणि गाडीत चढवत होतो. पुढं ती भाकरी कुणाच्या ताटात पडते, तिच्यासोबत काय असतं, ती कुणाला आवडते, हे आमच्यापैकी कुणीही कधी विचारलं नव्हतं.

"मग विचारू या," ऋतुजा म्हणाली. तक्रारींचे कागद तिनं पुढं ओढले आणि पहिला नंबर लावला. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा पाटावर ठेवला. सात बाया परातीभोवती गोळा झाल्या.

राजश्री नावाची बाई होती. बँकेत नोकरी, सकाळी साडेआठला घर सोडते. ऋतुजानं माफी मागून काय झालं ते विचारलं, तर बाईनं आधी 'कोण बोलतंय?' असं दोनदा विचारलं. तक्रार केल्यावर कुणी फोन करतं हे तिला नवीन असावं. मग सुटली.

"अहो, मला भाकरी करायला सकाळी वेळ नसतो. म्हटलं, ही गरम करून डब्यात नेऊ. दुकानात सांगितलं होतं, गरम केली की मऊ होते. तव्यावर ठेवली. आणखी कडक झाली. मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तर आतून आवाज यायला लागला. मग शेवटी सोसायटीतल्या कुत्र्यापुढं टाकली. त्यानं वास घेतला आणि बागेत नेऊन पुरली."

वच्छलेनं तोंडावर पदर धरला. चंद्रव्वाचा चेहरा बघून तिनं तो आणखी दाबला.

"ताई, आमटीत चुरून नाही खाल्ली?" ऋतुजानं विचारलं.

"चुरून? म्हणजे?"

चंद्रव्वाच्या डोळ्यांत मला राग दिसेना. ती घाबरली होती. कडक भाकरी मुठीनं फोडायची, गरम आमटीत नाहीतर दुधात चुरायची, घटकाभर भिजू द्यायची आणि मग खायची, हे जगात कुणाला सांगावं लागतं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच नाही. सूर्य कुठून उगवतो हे पाकिटावर छापायचं का?

दुसरा नंबर रामहरी नावाच्या म्हाताऱ्याचा निघाला. मूळचा वेळापूरचा, आता पोराकडं पुण्यात. "भाकरी झकास हाय हो! लई दिवसांनी खाल्ली. पर ती ताटाएवढी! हितल्या कुठल्या डब्यात मावत न्हाय. म्या मोडून ठिवतो, तर सूनबाई म्हणती कचरा, आन् टाकून देती. म्हणून तक्रार केली. दुकानाची न्हाय, सुनंची! जरा ल्हान करा की."

तिसरा, चौथा, पाचवा. सगळ्यांचं रडगाणं एकच: मऊ होते म्हणून सांगितलं होतं.

"हे कुणी सांगितलं?" ऋतुजानं विचारलं.

"त्या दिग्विजयनं, दुसरं कोण!" चंद्रव्वा उठलीच. "माल खपवायला खोटं बोलला, आणि नाव माझं घालवलं! लाव गं त्याला फोन. असा धुते की पुन्हा सोलापूरचं नाव घेणार न्हाई."

मी आयुष्यभर थापा मारल्या आणि कधी अंगावर ओरखडा उठला नाही. कारण त्या साऱ्या भिरकावलेल्या भाकरीसारख्या होत्या. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं की हसायचं आहे. ही एकच अशी होती, की ऐकणाऱ्यानं खरी मानली आणि तवा तापवला. आता चंद्रव्वा दिग्विजयला शिव्या देणार, तो फोन आपटणार, आणि फळी आजच जाणार. समोर पाच बाया. त्यांतल्या चांगुणाची बोटं अजून तंबाखूनं पिवळी होती.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

कुणी ऐकलंच नाही. खरं बोलताना माझा आवाज किती बारीक निघतो हे मलाही तेव्हाच कळलं. पुन्हा म्हणालो, "त्याला मी सांगितलं. लोण्यासारखी होते म्हणून."

चंद्रव्वा ना कानडीत ओरडली, ना मराठीत. एवढंच म्हणाली, "साकु, जालिंदरण्णा." साकु म्हणजे पुरे. आणि परातीकडं वळली.

ती ओरडली असती तर मी बरा राहिलो असतो.

ऋतुजा मात्र चिडली नाही. म्हणाली, "मामा, त्यानं प्रश्न का विचारला होता? तिथल्या माणसाला सकाळी घाई असते, डबा न्यायचा असतो, म्हणून. तुम्ही त्याला गोड वाटेल ते सांगितलंत. त्याची अडचण काय ते नाही विचारलंत."

"मग मार्केटिंग म्हणजे आणखी काय असतं?"

"हेच. आधी विचारायचं. मग त्या माणसाला लागेल तसा माल, तसं पाकीट, परवडेल तशी किंमत, मिळेल अशी जागा. बोलायचं सगळ्यात शेवटी."

"आणि मी सगळ्यात आधी बोललो."

"व्हय," सोजरबाई म्हणाली, "आन् मधीबी, आन् शेवटीबी."

तेव्हा कुठं बाया हसल्या.

दिग्विजयला फोन मीच केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या भरवशावर मी पन्नास लोकांना मऊ होते म्हणून सांगितलं. माझ्या दुकानात तीस वर्षांत कुणी खोटं बोललं नव्हतं." मी म्हणालो, त्या पन्नास लोकांपुढं उभं करा मला. ऋतुजानं फोन घेतला आणि एक शनिवार मागून घेतला: दुकानाबाहेर एक टेबल, एक शेगडी, आणि तक्रार केलेल्या प्रत्येकाला निरोप. फळीचा निकाल त्यानंतर लावा म्हणाली.

पाकिटावरचा मजकूर लिहायचं काम तिनं मलाच दिलं, शिक्षाच म्हणा. मी बारा ओळी लिहिल्या. त्यात आत्या होती, तराजू होता, आणि एक हत्ती भाकरीवर उभा राहिला होता. ऋतुजानं हत्तीला खाली उतरवलं, आत्याला घरी पाठवलं, आणि उरलं ते एवढंच: 'ही भाकरी कडकच असते. गरम करू नका. मुठीनं फोडून गरम आमटीत, वरणात किंवा दुधात चुरा. दोन मिनिटं थांबा आणि खा.' माझ्या हातून इतकं कोरडं काही कधी लिहिलं गेलं नव्हतं. पण वाचून मलाच भूक लागली.

लहान भाकरीचं मात्र चंद्रव्वानं नाव काढू दिलं नाही. "ताटाएवढी नसंल तर ती भाकरी न्हवं, बिस्कीट. बेडा." बेडा म्हणजे नको. ऋतुजानं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "शनिवारी तुम्हीही चला, मावशी."

शनिवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो: मी, चंद्रव्वा, ऋतुजा, मांडीवर शेंगांच्या आमटीचा मसाला, आणि टपावर नव्या पाकिटांची खोकी. टेंभुर्णीपर्यंत चंद्रव्वा माझ्याशी बोलली नाही. तिथं चहाला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "आज खोटं बोललास तर तुला इथंच सोडून जाईन." परतीच्या वाटेवरचं गाव तिनं नेमकं निवडलं होतं.

दुकानाबाहेर शेगडीवर आमटी उकळायला लागली, तसा वास रस्त्याच्या पलीकडं गेला. (पलीकडं म्हणजे रिक्षास्टँडपर्यंत. हे खरं अंतर. पूर्वीचा मी असतो तर लोणावळा सांगितलं असतं.) माणसं थांबायला लागली. चष्मा लावलेला एक गृहस्थ पाकीट उलटसुलट करून म्हणाला, "गरम केल्यावर मऊ होते का हो?"

माझी जीभ वळवळली. दिग्विजय गल्ल्यावरून माझ्याकडं बघत होता. चंद्रव्वाच्या हातातली पळी हवेत थांबली.

"नाही," मी म्हणालो. "अजिबात होत नाही."

गृहस्थ दचकला. दुकानाबाहेर उभं राहून आपल्याच मालाला 'नाही' म्हणणारा माणूस त्यानं पाहिला नसावा. "मग काय करायचं?"

"मूठ वळा," मी म्हणालो. भाकरी ताटात ठेवली आणि म्हटलं, "मारा."

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मारली. भाकरीच्या चिरफळ्या उडाल्या, तो आवाज ऐकून रांगेतली दोन माणसं हसली. चंद्रव्वानं वर आमटी ओतली. "आता दोन मिनिटं गप उभं राहा," ती म्हणाली, आणि तो पुणेकर खरंच गप उभा राहिला. मग पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.

त्यानंतर मूठ मारायला रांगच लागली. नोकरदार माणसाला शनिवारी काहीतरी फोडायला मिळणं ही केवढी सोय आहे हे मला तिथं समजलं.

राजश्री आली ती जराशा रागातच. एक वाटी घेतली, उभ्यानं खाल्ली. वाटी पुन्हा पुढं केली. दुसरी संपल्यावर म्हणाली, "एवढंच होतं? मग हे आधी का नाही सांगितलं?"

"चूक माझी," मी म्हणालो. "तुमचं पहिलं पाकीट मी बिघडवलं. भाकरीनं नाही."

"ऑफिसात आमटी नेता येईल," ती चंद्रव्वाला म्हणाली. "भाकरी कशी नेऊ, काकू? ही एवढी मोठी. मोडून नेली तर डबाभर चुरा होतो. लहान नाही का मिळत?"

चंद्रव्वा आमटी ढवळत राहिली. पण थोड्या वेळानं एका कॉलेजच्या मुलीनं तेच विचारलं. मग एका नर्सनं. मग काठी टेकत स्वतः रामहरी आला, आणि त्यानं तर विचारलं नाही, सुनेसमोर हुकूमच सोडला. दुपारपर्यंत तो प्रश्न चंद्रव्वाच्या कानावर नऊ वेळा पडला. ऋतुजा शेजारी उभी होती आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यावर एक अक्षर बोलली नाही. हुशार पोर.

सगळा माल खपला असं मी सांगणार नाही. दीड खोकं उरलं. परत आलेल्या गिऱ्हाइकांपैकी तिघांनी चव घेऊनही नको म्हटलं. एकाला कडक आवडत नाही म्हणजे नाहीच आवडत. दिग्विजय मात्र संध्याकाळी फळी पुसून त्यावर स्वतःच्या हातानं नवी पाकिटं लावत होता. म्हणाला, "दिवाळीपर्यंत ठेवतो. आज कुणी तोंड वाकडं करून गेलं नाही, नको म्हणणारेही हसत गेले. लहान आकार देता आला तर पुढचं नक्की." मग माझ्याकडं वळला, "आणि आजोबा, फोन तुम्हीच उचलत जा. आता मला विश्वास वाटेल."

टेंभुर्णीला चंद्रव्वानं मला खाली सोडलं नाही. येताना सगळी वाट ती आपल्या तळहातांकडं बघत होती.

एक तारखेला चारही चुली पेटल्या. चांगुणा, वच्छला, सगळ्या जागेवर. चंद्रव्वानं परातीतून लहानसा गोळा तोडला आणि थापायला लागली. बघता बघता तो ताटाएवढा झाला. तिनं मोडला, पुन्हा गोळा केला. पुन्हा ताटाएवढा. पन्नास वर्षं एकाच मापाला फिरलेले हात; थांबायचं कुठं ते त्यांना कळेचना.

"अय्यो," ती वैतागून म्हणाली, "हे हात माझं ऐकत न्हाईत."

"मावशी, मी धरू का मनगट?" वच्छला म्हणाली.

"धर बघू, मग दावते तुला!"

पाचव्या खेपेला भाकरी बशीएवढी झाली आणि तिथंच राहिली. चंद्रव्वानं ती उचलून उजेडाला धरली, चारी बाजूंनी बघितली. तव्यावर टाकण्याआधी थबकली.

"ऋतुजाला फोन लाव, सोजर. तिला म्हणावं, त्या बँकेच्या बाईला इचार, डब्याचं माप किती हाय?"

पाच मिनिटांनी उत्तर आलं. सोजरबाईनं फोन कानाला धरूनच सांगितलं, "पाच इंच म्हणती. पर मावशी, डबा चौकोनी हाय."

सगळ्या चंद्रव्वाकडं बघायला लागल्या. तिनं हातातल्या भाकरीकडं बघितलं, मग परातीकडं, मग थोडा वेळ चुलीतल्या जाळाकडं.

"चौकोनी बेडा," ती म्हणाली. "पर चौकोनात बसंल असा गोल करता येतो की. कोपऱ्यात चटणी ठिव म्हणावं."

आणि तिनं ती भाकरी मोडून, तीळभर पीठ काढून टाकून, पुन्हा थापायला घेतली.